काजळ पुसून या

नाही, नाही काकू, तूप पुरे झालं — तुमच्या काकांच्या पोळीला राहू द्या थोडं. एवढ्यानं निघायला पाहिजे. बघा ना जरा, डाव्या डोळ्यात अजून आहे का? खालच्या पापणीत? आहे ना. मला वाटलंच. घरचं काजळ आहे हे, दुकानचं असतं तर मघाशीच नळाखाली गेलं असतं. आमच्या अक्का स्वतः धरतात — एरंडेलाचा दिवा, वर तांब्याची ताटली पालथी, मग ती काजळी खरवडून तुपात खलायची, घोटून घोटून. तीन दिवस हलत नाही. माझ्या लग्नात घातलेलं सत्यनारायणाच्या फोटोत पण आहे. तूप चोळलं की पसरतं, पुसलं की परत वर येतं — आणि हे असं डोळ्यांना रुमाल लावून बसले म्हणून येणारा-जाणारा समजतो रडतेय. ती झाडूवाली बाई दोनदा थांबून गेली. म्हणते, रो मत बेटा, सब ठीक हो जाएगा. मी म्हटलं, रडत नाहीये बाई, काजळ पुसतेय. तिला काही पटलं नाही.

आत काय झालं, विचारता? त्या शिखा मॅडम आहेत ना, जांच करणाऱ्या, पांढऱ्या कोटातल्या — त्यांनी मला एक चश्मा घातला. पोहणाऱ्यांचा असतो तसला, जाड, काळा, आणि त्याच्या आत कॅमेरा. कॅमेरा म्हणे बुबुळ बघतो, कुठे पळतं, कसं पळतं. तोल कानात असतो आणि तो बिघडला की डोळे सांगतात, असं म्हणाल्या. मला गंमतच वाटली — दुखणं कानाचं आणि चुगली करणार डोळे. तर समोरच्या टीव्हीवर माझे डोळे दिसायला लागले, एवढाले, म्हशीसारखे, आणि मशीन काही बुबुळ धरेना. बुबुळ सोडून काजळच धरून बसलं. काळं ते काळं, त्याला काय कळणार. मॅडमनी दोनदा चश्मा हलवला, पट्टा आवळला, मग वर केला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. "काजल लगा के आई हो? पर्ची में लिखा था ना." "जाओ, पोंछ के आओ, तब तक मैं दूसरा पेशंट ले लेती हूँ." म्हणून तुमचे काका आत, आणि मी बाहेर. म्हणून तुमच्या डब्यातलं तूप.

पर्ची वाचली नव्हती असं नाही हो. सातवी झालीय माझी, माहेरी, लोहारद्याच्या हिंदी शाळेत — मराठी वाचायला अडखळते, पण हिंदी वाचते ना. तीनदा वाचली. पाठ आहे. चक्कर की गोली दो दिन पहले से बंद. सुबह चाय नहीं. नाश्ता हल्का. आँखों में काजल-सुरमा नहीं. खाली दोन रेघा मारलेल्या होत्या, पेनानं. म्हणजे ठाऊक होतं मला. मग का घातलं — तेच तर. मी नाही घातलं. अक्कांनी घातलं.

अक्का म्हणजे सासूबाई. सगळी गल्लीच त्यांना अक्का म्हणते, मी पण तेच म्हणते. धारला असतो आम्ही. पहाटेची बस होती, इंदूरला उतरून मग देवासची दुसरी, म्हणून पाचला निघायचं होतं. हे — माझे मिस्टर, विपुल, आत्ता चहा प्यायला गेलेत ते, मला मनाई म्हणून माझ्यासमोर नाही पीत — हे बाहेर चपला घालत होते. आणि अक्का आल्या, खांद्यावर गोलू झोपलेला, दुसऱ्या हातात ती काजळाची डबी. गोलूच्या गालाला तीट लावली. मग तेच बोट — तेच बोट काकू, पुसलं पण नाही — माझ्या डोळ्यांकडे आणलं. म्हणाल्या, लांबचा प्रवास आहे, वर बघ. दोन महिन्यांत त्यांनी मला हात लावला नव्हता. बोलत होत्या, म्हणजे जेव, हे घे, ते ठेव, तेवढं सगळं होतं — पण हात नाही. पर्ची पर्समध्ये होती. म्हणता आलं असतं की, अक्का, आज नको, मनाई आहे. मी तोंड वर केलं. तुम्ही म्हणाला असता? नाही ना. मी पण नाही म्हणाले.

वाईट नाहीत हो त्या. तुम्हाला वाटेल ही सासूचं सांगायला बसली. नाही तसं. दुसरी असती तर माहेरी पाठवलं असतं. त्यांनी एवढंच केलं — गोलूला माझ्या हातून घेतलं. गोलू माझा मुलगा, तेरावा महिना चालू आहे. म्हणजे मी त्याला घेऊच शकत नाही असं नाही. जमिनीवर बसायचं, पाठ भिंतीला, मांडी घालायची, मग अक्का आणून मांडीत देणार आणि समोर बसून राहणार. तांदूळ निवडत बसतात, पण लक्ष तांदळात नसतं. उभं राहून घ्यायचं नाही. आंघोळ घालायची नाही. जिन्यावर तर नाहीच. तो हात वर करतो ना, उचल म्हणून — पोरं करतात तसं, दोन्ही हात — तर मी खाली बसते. त्याला कळतच नाही. आई उचलायच्या ऐवजी खाली का बसते? दोन-चारदा बसले, आता तो माझ्याकडे हात करत नाही. अक्कांकडे करतो. हुशार आहे. अक्कांनी साफ सांगितलंय, जांच होऊ दे, रिपोर्ट हातात येऊ दे, मग मुलगा हातात. वचनाच्या पक्क्या आहेत. आज रिपोर्ट चांगला आला तर आजच देतील, उंबऱ्यातच देतील.

आणि गंमत सांगू? तो पण आत्ताच चालायला लागलाय. तीन पावलं टाकतो आणि बसतो धप्पकन. घरात सगळे टाळ्या वाजवतात. मी भिंतीला हात लावून चालते तर सगळे गप्प होतात. दोघं बरोबरच शिकतोय म्हणा ना. त्याची कुणी जांच नाही करत.

सुरू कधी झालं? संक्रांतीनंतर. बोरन्हाण होतं त्याचं, काळं झबलं, हलव्याचे दागिने, गल्लीतली पोरं बोरं वेचायला — मी आदल्या दिवसापासून तापात होते, सर्दी, घसा, पण कार्यक्रम माझ्याच मुलाचा, निजून कशी राहणार. केला सगळा. दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे उघडले तर पंखा नाही फिरत, खोली फिरतेय. कपाट वर जातंय, खाली येतंय. मी पलंगाची कड धरली आणि धरूनच राहिले, तीन दिवस. पाणी पोटात ठरत नव्हतं. आमच्याकडे म्हणाले नजर लागली, बोरन्हाणाला एवढ्या बायका आल्या होत्या. मीठ-मोहऱ्या झाल्या. मग हे डॉक्टरकडे घेऊन गेले, त्यांनी सांगितलं कानातून आहे, गोळ्या दिल्या. विचारलं, दूध पाजता? म्हटलं हो. म्हणाले, बंद करा. अशी बंद झाली दूध पाजायची गोष्ट — एका वाक्यात. तेव्हा आठ-नऊ महिन्यांचा होता. रात्रभर तो तिकडच्या खोलीत अक्कांपाशी रडत होता आणि मी इकडे पलंगाची कड धरून — जाऊ द्या.

गोळीनं बरं वाटायचं. म्हणजे काय, डोक्यात कापूस भरल्यासारखं व्हायचं, पण खोली उभी राहायची. महिना म्हणता म्हणता चार महिने झाले गोळीला. इथल्या डॉक्टरांनी गेल्या खेपेला ते ऐकलं आणि डोक्यालाच हात लावला. म्हणाले, ही गोळी पंधरा दिवसांची चीज आहे, तुम्ही कानाला निजवून ठेवलंय, तो शिकणार कधी. आधी जांच करा, मग बघू. इंदूरला महिन्यानंतरची तारीख मिळत होती, इथे लगेच मिळाली, आणि माझी मावशी देवासचीच, जमुनाबाई, तुकोगंजाकडे राहते, तेवढा आधार. म्हणून देवास.

फुगडी खेळायचात का तुम्ही? मंगळागौरीला? मी खेळायचे ना. लोहारद्याला दोन-चारच घरं आपली, पण खातेगावच्या, देवासच्या बायका यायच्या. माझ्याशी कुणी टिकायचं नाही. दंडफुगडी, बसफुगडी, एका हाताची — मी थांबले की जमीन पण थांबायची, जागच्या जागी. बाकीच्या पोरी भिंती धरायच्या, मी उभी. माझी आई म्हणायची हिच्या पायात शिसं भरलंय. आता आत त्या मॅडमनी काय करायला लावलं माहितीये? चश्म्याच्या आधीची जांच. डोळे मिटा, दोन्ही हात पुढे, आणि जागच्या जागी पन्नास पावलं चाला. पुढे नाही जायचं, जागच्या जागी, परेडीसारखं. मी म्हटलं हे काय, हे तर सोपं. मोजत होते मनात. पन्नास झाली, म्हणाल्या डोळे उघडा — तर मॅडम कुठेच नाहीत. समोर लोखंडी कपाट. मला वाटलं मॅडमच तिकडून इकडे गेल्या. नाही हो. त्या तिथेच होत्या, मीच वळले होते. अख्खी वळले, डावीकडे, आणि मला पत्ता नाही. पायांना कळलं नाही, डोक्याला कळलं नाही. मला शपथ घालून विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं, सरळ उभी आहे.

तेव्हापासून हात गार पडलेत. बघा.

नाही, पडले कशी म्हणता — पडले एकदाच. पाडव्याच्या आदल्या दिवशी. तेव्हापासून तर हे सगळं. न्हाणीघरातून गोलूला आंघोळ घालून बाहेर आणत होते, साबणाचं पाणी होतं खाली, पाय सरकला. हो, साबणाचं. त्याला कपाळावर एवढं टेंगूळ आलं, बाकी काही नाही, डॉक्टरांनी दोन वेळा बघितलं, फोटो काढला डोक्याचा, काही नाही, देवाची कृपा. दुसऱ्या दिवशी गुढीला हार घालताना हसत होता. साबणाचं पाणी कुणाच्याही पायाखाली येऊ शकतं ना काकू. अक्का पण म्हणाल्या, येऊ शकतं. पण त्यांनी फरशीकडे बघितलं होतं. मी बघितलं त्यांना बघताना. गोलूला उचललं, छातीशी धरलं, आणि पायानं — अशी पायाची बोटं — फरशीवरून फिरवली. अशी. एकदाच. आणि आत गेल्या.

कोरडी होती.

तुम्हाला का सांगतेय मी हे. तुमचं नाव पण ठाऊक नाही मला. तुम्ही असं बघता ना, काही न विचारता, म्हणून — असू द्या, आता निघालंच आहे तोंडातून. फरशी कोरडी होती. साबण न्हाणीत होता, मी बाहेर आले होते, चार पावलं. गोलू कडेवर, टॉवेलात, ओला, गुळगुळीत, माझे केस ओढत होता. मी मान वळवली त्याच्याकडे, केस सोडवायला, डावीकडे — आणि घर गेलं. म्हणजे पायाखालून गेलं. तेवढ्यात मी काय केलं, ते ऐका. दाराची कडी होती हाताशी. मी कडी धरली. दोन्ही हातांनी धरली काकू. दोन हात आहेत माझे, आणि दोन्ही कडीला होते. समजलं ना तुम्हाला? मी उभीच राहिले. पडले नाहीच मी. घरी सांगितलं दोघं पडलो. मी नाही पडले. तोच पडला.

नका, पाणी नको.

आई असते ना, तिचे हात सुटत नाहीत म्हणतात. कुत्री पण पिल्लाला तोंडातून सोडत नाही, आग लागली तरी. मी दोन महिने हेच बघतेय, हाताकडे. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना. हे हात कुणाचे आहेत. हे मला विचारून का नाही सुटले. ह्यांना सांगितलं नाही, आईला नाही. आईला फोनवर सांगणार होते, ती म्हणाली तुझी सासू देवमाणूस आहे, दुसरी असती तर. मग राहिलं.

म्हणून गोळी घेतली. हो — कुठली म्हणजे, तीच, चक्करेची. आज पहाटे. दोन दिवस बंद ठेवायची होती ना, दीड दिवस ठेवली मी, खरंच ठेवली, काल संध्याकाळी भिंत हलायला लागली तरी ठेवली. पहाटे काजळ घालून झालं, हे म्हणाले चला, आणि मी म्हटलं देवाला हात जोडून येते, आणि देवघरात, देवासमोर, अर्धी गोळी मोडून तीर्थाबरोबर गिळली. बसमध्ये चढताना ह्यांच्यासमोर झोकांडी जाऊ नये म्हणून — हे एक. आणि दुसरं, मला वाटलं, जांच चक्करेची आहे, गोळी घेतली की चक्कर येणार नाही, मशीनला काही सापडणार नाही, रिपोर्ट कोरा येईल. आणि संध्याकाळी उंबऱ्यात अक्का गोलूला माझ्या हातात देतील. एवढंच चाललं होतं डोक्यात. उंबरा आणि गोलू. मॅडमनी आल्या आल्या विचारलं, गोली बंद है ना? मी म्हटलं, हाँ जी. पटकन म्हटलं. इतक्या पटकन खरं कुणी बोलत नाही, पण त्यांनी लिहून घेतलं.

मग त्या पुढचं सांगायला लागल्या, चश्मा बांधता बांधता. म्हणाल्या, आता तुम्हाला निजवून कानात हवा सोडणार, आधी गरम, मग गार, एकेका कानात. चक्कर येईल, घाबरू नका, ती आलीच पाहिजे. मी म्हटलं, आलीच पाहिजे म्हणजे? म्हणाल्या, चांगल्या कानाला गार हवा लागली की तो उसळतो, माणसाला गरगरतं, डोळे धावतात. ज्याला काहीच होत नाही, त्याचा कान मेलेला धरतात. असं हसत सांगितलं. मी त्या काळ्या चश्म्यात, माझं तोंड दिसत नव्हतं म्हणून बरं. उलटंच हो सगळं. मी गरगरू नये म्हणून गोळी खाऊन आले, आणि इथे जी गरगरेल ती पास. शाळेत असं कधी झालं नाही माझं, की पेपरच उलटा धरला.

तेव्हा मी त्यांना विचारलं — दुसऱ्या कुणाचं म्हणून विचारलं, आमच्या शेजारीण आहेत म्हटलं, रुचीताई, त्यांना असंच होतं, आणि एकदा त्यांच्या हातून घागर सुटली. घागर म्हटलं मी. भरलेली घागर सुटली आणि त्यांनी कठडा धरला, असं होतं का मॅडम? त्या म्हणाल्या, होतंच. कान सांगतो तू पडतेयस, आणि हात जे जवळ असेल ते धरतात. बदन पहले खुद को बचाता है, पूछ के नहीं बचाता. तेवढ्या वेळात विचार पोचतच नाही. मी म्हटलं, आणि कान चांगला असेल तर? तरी घागर सुटली तर? — त्याचं उत्तर द्यायच्या आधी तो टीव्ही लागला, माझे डोळे दिसले, आणि काजळाचं निघालं. उत्तर राहिलं.

हे पुसत बसलेय तेव्हापासून तेच चाललंय डोक्यात. कोरा रिपोर्ट मागायला आले होते मी. समजा आला कोरा. कान चांगला. मग कडी कुणी धरली? माझी मीच धरली ना मग. अक्का गोलूला देतील, वचन आहे त्यांचं, पण मी कशी घेऊ? कुठल्या हातांनी घेऊ? आणि गोळीमुळे खोटाच खराब आला, तर ते कागदावर कानाचं नाव लिहितील, आणि मला माहीत असणार की हे कानाचं नाही, अर्ध्या गोळीचं आहे. जन्मभर माहीत असणार. तो मोठा होईल, त्याचं लग्न होईल, आणि मी तो कागद काढून बघत बसेन — खरा की खोटा. नाही काकू. मला खरा पाहिजे. चांगला-वाईट जाऊ दे. गोळी न खाता, निजवून, गार हवा घालून, डोळे धावतात की नाही ते बघून कुणीतरी शिकलेल्या माणसानं सांगितलं पाहिजे की कान होता. किंवा नव्हता. नव्हता तर नव्हता, मग बघू.

म्हणजे आज होणार नाही. तेच तुम्ही म्हणताय ना. हो, कळतंय मला. परत दोन दिवस बंद, परत यायचं. ह्यांची सुट्टी एकच दिवसाची, पीथमपूरच्या कंपनीत आहेत, तिथे सुट्टी म्हणजे किती बोलणी खावी लागतात. ते म्हणणार, का नाही झाली जांच? मी काय सांगू, काजळामुळे? अक्कांच्या बोटावर घालू? सोपं आहे. काजळाचं नाव पुढे केलं की कुणी गोळीचं विचारणार पण नाही. मघाशी आलं होतं मनात, खोटं कशाला बोलू. तूप लावता लावता आलं होतं — पुसायचंच नाही नीट, मॅडम कंटाळून म्हणतील दोन दिवसांनी या. म्हणून तर एवढा वेळ लागतोय, तुम्हाला काय वाटलं? तुमचं तूप चांगलं आहे.

पण त्या बोटाला कसं मध्ये आणू. दोन महिन्यांनी लागलं होतं ते.

मावशीकडे राहीन मी. दोन दिवस. तिचं घर तळमजल्याला आहे, जिना नाही, कडेला पलंग लावून घेईन आणि धरून बसेन कड, संक्रांतीला धरली होती तशी. होईल तेवढं होईल. गोलू तसाही अक्कांपाशीच आहे. आणि ह्यांना सांगावं लागेल. सगळं नाही, गोळीचं. कडीचं — कडीचं आधी अक्कांना सांगीन. त्यांना ठाऊकच आहे म्हणा. त्यांच्या पायाच्या बोटांना ठाऊक आहे. दोन महिने त्या काही बोलल्या नाहीत, विपुलला पण नाही, शेजारी पण नाही — साबणाचंच सांगत राहिल्या सगळ्यांना. मीच ऐकलं, भाजीवालीला सांगत होत्या, साबणाचं पाणी होतं हो. हे आत्ता तुमच्यापाशी बोलताना लक्षात आलं माझ्या. माझं खोटं त्यांनी चालवलं.

ते बघा, दार उघडलं. काका आले तुमचे, हळू, पायरी आहे तिथे. मॅडम माझंच नाव घेतायत — हाँ जी, माधवी, आते हैं मैडम, एक मिनिट.

बघा काकू, शेवटचं. निघालं? दोन्हीतलं? आता नाही ना काही. हा रुमाल खराब झाला तुमचा, काळा झाला पार, धुऊन पाठवते म्हटलं तर कुठे पाठवू. ठेवा तसाच. नाही, हात नका देऊ, मी भिंतीनं जाते, भिंत चांगली आहे इथली. तुम्ही काकांना बघा. आणि एक करा, हे आले चहा पिऊन — निळा शर्ट, हातात माझी पर्स असेल — तर एवढंच सांगा, आत गेली आहे. बाकीचं मी सांगीन.

हाँ मैडम, पोंछ लिया. नहीं, चश्मा अभी मत लगाइए. दरवाज़ा लगा लीजिए पहले. वो जो आपने लिखा है ना, गोली बंद — वो काट दीजिए.